ईशान्येचा खांब

"बाई, जरा इकडं या. साहेबांना पण बोलवा," इराप्पानं स्वयंपाकघरातून हाक मारली.

इराप्पा आमचा गवंडी. मूळचा विजापूरकडचा, पण सांगलीत वीस वर्षं काढलेली. तीन दिवस तो आमच्या स्वयंपाकघरात तोडफोड करत होता आणि तीन दिवसांत त्यानं 'साहेबांना' एकदाही बोलावलं नव्हतं. या घरात कुणाचं चालतं ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यामुळं ती हाक ऐकल्यावर मी यांना घेऊनच आत गेले.

याला आता नऊ वर्षं झाली. आमचे हे तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते आणि मी हट्टानं स्वयंपाकघराचं काम काढलं होतं. जुना ओटा काढायचा, मागच्या गॅलरीची भिंत पाडून जागा वाढवायची, सगळं नवं करायचं. भिंत आदल्या दिवशीच पाडून झाली होती. त्या दिवशी सकाळी इराप्पा कोपऱ्यातलं देवघर काढत होता. देव मी पहाटेच हॉलमध्ये पाटावर नेऊन ठेवले होते. देवघर म्हणजे कोपऱ्यात आत कोरलेली वीतभर खोल देवळी, आतून संगमरवर लावलेली. इराप्पानं संगमरवर काढला होता आणि छिन्नी हातात धरून तो नुसताच उभा होता.

"ही भिंत नव्हे साहेब. खांब आहे," तो म्हणाला.

यांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. मीही बघितलं. देवळीच्या पाठीमागं काँक्रीट होतं. चार गजांपैकी पुढचे दोन मधोमध कापलेले होते, आणि मागच्या दोघांचे गंजून पापुद्रे सुटले होते. देवळीच्या वरच्या कोपऱ्यापासून एक फट तिरकी निघून थेट तुळईपर्यंत गेली होती.

"खांबाला भोक कुणी पाडलं?" हे म्हणाले.

"तेच मी विचारतोय."

"बिल्डरनं, दुसरं कोण. हलकट मेला. आम्हाला घर देताना गोड बोलत होता."

एरवी माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं. भाजीवाल्यापासून पोस्टमास्तरापर्यंत सगळ्यांशी मी भांडलेय, आणि पोस्टात तर सत्तावीस वर्षं काउंटरवर बसून लोकांचं ऐकून घेण्यापेक्षा त्यांना ऐकवलंच जास्त. पण त्या दिवशी मी खाली वाकून संगमरवराचे तुकडे गोळा करायला लागले.

इराप्पानं घमेल्यात मूठभर पीओपी कालवलं आणि त्या फटीवर आडवा, रुपयाएवढा ठिपका लावला.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"हे वाळलं की कडक होतंय. मग फुटलं तर समजायचं फट चालतीय. नाही फुटलं तर फट जुनी आहे, काळजी नाही."

आम्ही तिघं त्या ठिपक्याकडं बघत बसलो. वर, पहिल्या मजल्यावर, मगदुमांच्या घरात सतरंज्या ओढल्याचे, पाट सरकवल्याचे आवाज येत होते. त्यांच्या नातीचं बारसं होतं. सुनेला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं आणि बारसंही इथंच. साडेबाराचा मुहूर्त, साठ-सत्तर माणसं, आणि मग जेवणं.

ठिपका वाळला. सव्वादहाला तो अखंड होता. साडेदहाला त्याच्यावर केसाएवढी रेघ आली. अकराच्या आत त्याचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा खाली पडला.

इराप्पानं तो उचलून तळहातावर ठेवला. "काल भिंत पाडली, तिथंच चुकलं. इतकी वर्षं ओझं त्या भिंतीनं धरलेलं. मला वाटलं खांब शाबूत आहे. चूक माझी पण आहे बाई, मी आधी ठोकून बघायला पाहिजे होतं."

त्यानं असं म्हटलं आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ह्यांनी ओळखीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो मिरजेला होता, तीनपर्यंत येतो म्हणाला. फोन ठेवून हे मला म्हणाले, "तोवर कुणाला काही बोलू नकोस. उगाच घबराट नको. आज त्यांच्याकडं मंगलकार्य आहे."

"तीनपर्यंत वर सत्तर माणसं जेवणार आहेत," मी म्हटलं.

"पंधरा वर्षं उभं आहे घर. चार तासांनी काय होतंय?"

इराप्पा चपला घालत होता. "साइटवर माझे चार लोखंडी टेकू आहेत, टेम्पोतनं घेऊन येतो. तास-दीड तास जाईल. तोवर वर गर्दी नको, साहेब. खरंच नको." दारापर्यंत गेला आणि मी मागोमाग गेले तसा आवाज बारीक करून म्हणाला, "बाई, बिल्डर कधी देवळी कोरून देत नसतो."

"तुम्ही टेकू आणा लवकर," मी म्हटलं.

तो गेला. मी चपलांच्या स्टँडवरच बसले.

ती देवळी मी कोरून घेतली होती. त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आमचा मुलगा निखिल इंजिनिअरिंगला दोन वेळा नापास झाला होता आणि हे नोकरीनिमित्त रत्नागिरीला होते, शनिवारी रात्री येऊन रविवारी संध्याकाळी जायचे. कुणीतरी मला एका वास्तूवाल्या आप्पांचा पत्ता दिला. आप्पांनी घरभर होकायंत्र फिरवलं आणि म्हणाले, तुमचे देव नैर्ऋत्येला बसलेत, म्हणून मुलाची बुद्धी अडलीय, त्यांना ईशान्येला न्या. ईशान्येला ओटा होता, फ्रीज होता आणि खांब होता. देव ठेवायला टीचभर जागा नव्हती. तेव्हाचा गवंडी म्हणाला, बाई, हा खांब आहे. मी त्याला म्हटलं, वीतभरच तर कोरायचंय, आणि देवासाठीच कोरायचंय, देव कशाला माझं घर पाडेल? हे रत्नागिरीहून आले तेव्हा संगमरवर लागून देव बसलेही होते. ह्यांना वास्तूवाल्यांचा तिटकारा. मी सांगितलं, कपाटामागं बिल्डरनं कोनाडा सोडला होता, मला आता दिसला. त्यांनी बरं म्हटलं. निखिल पुढच्या परीक्षेत पास झाला. झाला तो अभ्यास करून, पण मी श्रेय त्या कोपऱ्याला दिलं आणि अकरा वर्षं तिथं रोज उदबत्ती लावली.

मी उठले आणि जिना चढायला लागले.

"अगं, कुठं निघालीस?" मागून यांची हाक आली. मी वळले नाही.

मगदूम वहिनींशी माझं सहा महिने बोलणं बंद होतं. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून गळायचं, मी सांगून सांगून दमले, मग सोसायटीत लेखी तक्रार केली. सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे शिंत्रे सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ती तक्रार फाइलला लावली आणि तिथंच प्रकरण थांबलं. बारशाचं आमंत्रणही आमच्या दाराखालून सरकवलेलं होतं. तेवढाच आमचा संबंध.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, मधोमध झेंडूच्या माळा लावलेला पाळणा होता, आणि खिडकीपाशी खुर्चीवर शिंत्रे सर पाहुण्यांशी बोलत बसले होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांची सून दाराला खांदा लावून ते ढकलत होती.

"सकाळपासून घासतंय बघा हे दार. काल तर नीट लागत होतं," सून कुणाला तरी सांगत होती.

म्हणजे वरची चौकटही सरकायला लागली होती. मी वहिनींना बाजूला घ्यायचा प्रयत्न केला.

"वहिनी, एक मिनिट. आमच्या स्वयंपाकघरातला खांब चिरलाय. फट वाढतेय. पाहुण्यांना खाली न्या. समोरच्या मोकळ्या जागेत न्या, कुठंही न्या, पण खाली न्या."

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं नाही. "आवटी बाई, आज माझ्या घरात पहिली नात आलीय. गळतीचं प्रकरण उद्या काढा."

"गळतीचं नाही हो. खांब चिरलाय."

"कोण म्हणतं?"

"इराप्पा. गवंडी."

"गवंड्याला काय, काम वाढवायचं असतं," एक पाहुणी म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या.

शिंत्रे सर उठून आले. शाळेतल्या वर्गात शिरावं तसे ते कुठंही शिरायचे. "आवटी बाई, काय आहे ते लेखी द्या. उद्या मीटिंग घेऊ. आजच्या दिवशी असलं काही बोलणं बरं दिसत नाही."

"सर, उद्यापर्यंत ते थांबणार नाही."

"तुमच्या मनात राग आहे हे मला माहितेय," वहिनी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता आणि हॉलमधल्या सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या होत्या. "पण बारशाच्या दिवशी घरात येऊन असं अभद्र बोलायचं? देवाधर्माचं तरी भान ठेवा."

खोटं सांगत नाही, मला तेव्हा परत जावंसं वाटलं. माझं काम मी केलं, सांगितलं, आता त्यांचं ते बघतील असं म्हणून खाली येणं मला सोपं होतं. पाळण्यात बाळ झोपलं होतं. डोक्यावर कुंची, गालाला काजळाचं बोट. सहा महिने भांडणारी बाई काहीही सांगेल, तिचं कोण ऐकणार? माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवावा असं मी एकच वाक्य सांगू शकत होते.

"तो खांब मी फोडलाय," मी म्हटलं.

"काय?"

"मी. अकरा वर्षांपूर्वी. गज कापून घेतले, आणि ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. बिल्डरनं कोनाडा सोडलाय म्हणून सांगितलं. आता काल भिंत पाडली आणि तो खांब बसायला लागलाय. वहिनी, मी भांडखोर आहे, पण स्वतःच्या तोंडाला काळं फासायला मी तुमच्या बारशात येईन का?"

मला वाटलं, आता मला हाकलतील. वहिनी माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"कशासाठी फोडला?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"देव ठेवायला."

"कुठल्या कोपऱ्यात?"

"ईशान्येला."

त्यांनी पातेलं जमिनीवर ठेवलं. "होकायंत्रवाले आप्पा?"

"तुमच्याकडं पण आले होते?"

वहिनी वळून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागं गेले. आमच्या देवळीच्या बरोबर वर तोच कोपरा. त्यांनी देवघराचा पडदा सरकवला. आत तीर्थंकरांची मूर्ती होती, समोर अक्षता, फुलं, सगळं जागच्या जागी. पण देवळीच्या चौकटीची वरची फरशी मधोमध तडकली होती आणि तिच्या फटीतून सिमेंटची भुकटी पांढऱ्या वस्त्रावर सांडली होती.

"सकाळी पुसली होती मी," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, रंगाचे पोपडे असतील."

पुढं त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानीन. त्या हॉलमध्ये आल्या, पाळण्यातून नात उचलली, सुनेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पायात चपला घालायलासुद्धा थांबू नकोस. खाली जा. सगळेजण खाली चला. मी सांगतेय, चला."

लोक उठले. कुणी पर्स घ्यायला वळलं तर वहिनी दंडाला धरून दाराकडं ढकलत होत्या. जिन्यावर म्हाताऱ्या बायकांना धरून धरून उतरवावं लागलं. शिंत्रे सर मात्र वर पळाले आणि बायकोला, कलावती वहिनींना, घेऊन आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

आम्ही सगळे समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये उभे राहिलो. हेही तिथं होते. मगदूम वहिनींच्या मुलानं त्यांना काय ते सांगितलं असावं, कारण ते माझ्याकडं आले.

"मी रत्नागिरीला होतो तेव्हा?"

"हो."

"आणि मला सांगितलंस, बिल्डरनं सोडलाय."

"हो."

"सकाळी मी त्या बिल्डरला शिव्या देत होतो, तेव्हाही गप्प बसलीस."

मी मान हलवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "बरं" म्हणाले आणि मुलाबाळांच्या घोळक्यापलीकडं जाऊन उभे राहिले. बत्तीस वर्षांत ते माझ्यापासून असे लांब जाऊन कधी उभे राहिले नव्हते. मला रडू आलं, पण तिथं रडायलाही लाज वाटली.

बाराच्या सुमाराला इराप्पाचा टेम्पो आला. त्यानं चारही टेकू खाली उतरवले, डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि रिकाम्या इमारतीकडं बघून बरं वाटल्यासारखी मान हलवली. मग आमच्याकडं आला.

"एक विचारतो, खरं सांगा. वर अजून कुणी हा खांब फोडलाय? मी खाली टेकू लावणार म्हणजे त्याच्याखाली उभा राहणार. वर पण पोकळ असला तर सगळं माझ्या डोक्यावर येईल."

"आमच्यात पण आहे," मगदूम वहिनी लगेच म्हणाल्या. "तसाच, तेवढाच."

इराप्पानं जरा विचार केला. "मग दोन टेकू तुमच्यात, दोन खाली. वरचा शाबूत असेल तर धरतंय." तो शिंत्रे सरांकडं वळला. "सर, तुमच्यात?"

सोसायटीच्या फलकावर 'फ्लॅटच्या बांधकामात परस्पर बदल करू नये' अशी पाटी सरांनीच स्वतःच्या अक्षरात लिहून लावली होती. त्यांनी घसा साफ केला.

"नाही," ते म्हणाले. "आमच्याकडं तसलं काही नाही."

"झालं तर मग," इराप्पा म्हणाला. त्यानं एक टेकू खांद्यावर घेतला आणि रस्ता ओलांडून गेटच्या आत पाऊल टाकलं.

मी कलावती वहिनींकडं बघितलं. पंधरा वर्षांत त्यांचा आवाज मी नीट ऐकला नव्हता. सर असले की त्या बोलायच्याच नाहीत. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. इराप्पाला ऐकू गेलं नाही. तशा त्या रस्त्यावर धावत गेल्या आणि ओरडल्या, "अहो मिस्त्री, थांबा. बाहेर या. आमच्यात पण आहे."

"कलावती," सर म्हणाले.

"माणूस आत चाललाय," त्या सरांकडं न बघता म्हणाल्या. "सगळ्यांत खोल आमच्यातच आहे. यांनी दोन देवळ्या करून घेतल्यात. खाली देवांची आणि वर समईची."

इराप्पा गेटमधून मागं आला आणि त्यानं टेकू रस्त्याच्या कडेला टाकला. शिंत्रे सरांकडं पाठ फिरवून तो तिथंच दगडावर बसला.

दहा मिनिटं गेली असतील. कुणीतरी जेवणाचं काय करायचं असं विचारत होतं. मग मागच्या बाजूनं आवाज आला, आधी लाकूड मोडल्यासारखा, आणि लगेच वरून माती ओतल्यासारखा. इमारतीचा तो एक कोपरा, तीनही स्वयंपाकघरं आणि तीनही गॅलऱ्या, एकावर एक खाली बसला. बाकीची इमारत तशीच उभी होती. धुळीत काही दिसेना. सुनेनं बाळाचं तोंड पदरात झाकलं. बायका रडायला लागल्या. हे कधी माझ्याजवळ येऊन उभे राहिले मला कळलं नाही.

धूळ बसली तेव्हा आमची पाडलेली भिंत जिथं होती, जिथं इराप्पा टेकू लावायला उभा राहिला असता, तिथं पुरुषभर उंच ढीग होता.

इराप्पा उठला आणि बराच वेळ त्या ढिगाकडं बघत राहिला. त्याचे ओठ सुकले होते. मग तो आमच्याकडं वळून म्हणाला, "बाई, जरा पाणी मिळेल का?"

मी, मगदूम वहिनी आणि कलावती वहिनी, तिघी एकदमच घराकडं वळलो. आणि तिघीही तिथंच उभ्या राहिलो; पाणी आणायला स्वयंपाकघर कुणाचंच उरलं नव्हतं.